शनिवारची खुर्ची

जॉर्जटाउन, पेनांग
रविवार, १६ एप्रिल १९९५

प्रिय कोह-पो,

खोकला कसा आहे? ताऊ सार बिस्किटांचा डबा कालच्या बसने पाठवला आहे. काही बिस्किटं मोडलेली निघाली तर दोष बसवाल्याचा नाही, दोरी आवळताना माझाच हात जोरात पडला.

वारसा मंडळाने काम दिल्याचं मागे लिहिलं होतं. ते आता खरंच सुरू झालंय. शनिवारी ग्रंथालय बंद झालं की मी लोकांना घेऊन जुन्या शहरातून पायी फिरते आणि जपानी अंमलातल्या जागा दाखवते. युद्ध संपल्याला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून माणसं येतात. धक्क्यावरून निघायचं, बाँब पडला तो बाजार, टॅपिओकासाठी रांगा लागत ते गोदाम, मग आपली जुनी गल्ली आणि शेवटी शाळेचं पटांगण.

पटांगणात मी एक लाकडी खुर्ची ठेवते. रिकामी. तिच्याकडे बोट करून सांगते, "सगळ्या गल्लीला इथे आणलं होतं, हात डोक्यावर ठेवून. या खुर्चीत एक माणूस बसला होता. डोक्यावर पिठाची पिशवी ओढलेली, तिला डोळ्यांपुढे दोन भोकं. एकेकाला त्याच्यासमोरून चालवलं. तो बोलत नव्हता. त्यानं हात उचलला की समोरचा माणूस लॉरीत जायचा. माझे आजोबा, तेओह बून थाय, असेच गेले. खुर्चीतला माणूस कोण होता हे कोणालाच कधी कळलं नाही."

कोह-पो, हे शेवटचं वाक्य बरोबर आहे ना? मी पुस्तकात वाचलं, पण पुस्तक त्या पटांगणात नव्हतं आणि तू होतीस. तू त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाहीस, मीही विचारणार नाही. फक्त वाक्य बरोबर की चूक एवढंच कळव. चुकीचं वाक्य दर शनिवारी बोलायचं म्हणजे मला झोप लागत नाही. अक्षर गिरवायच्या आधी तूच शिकवलंस ना, जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही म्हणून.

एक म्हातारे गृहस्थ दर शनिवारी येतात, सगळे त्यांना आ-पेक, म्हणजे म्हातारे काका, म्हणतात. सगळ्यात मागे उभे राहतात. काल त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि विचारलं, "पोरी, हे सगळं तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "पुस्तकांनी. पण माझी कोह-पो, आजोबांची बहीण, तिथे होती, ती अजून आहे." ते म्हणाले, "असं?" आणि माझा रस संपेपर्यंत थांबून राहिले.

तुझी,
स्यू इम


ताइपिंग
२० एप्रिल

स्यू इम,

बिस्किटं सगळी मोडली होती. दात नसलेल्या बाईला त्याचं काय दुःख? खोकला आहे तसाच आहे. ताइपिंगमध्ये पाऊस थांबला तर माझा खोकला थांबेल, म्हणजे दोन्ही नाहीत.

वाक्य बरोबर आहे. बदलू नकोस.

खुर्ची कशाला हवी होती? तोंडानं सांगितलेलं पुरत नाही का आजकालच्या लोकांना? उद्या डोक्यावर पिशवीही घालशील कोणाच्या. आणि ग्रंथालयातून सुटून उन्हात वणवण करायची, जेवतेस कधी? मागच्या फोटोत तुझी मान बदकासारखी दिसत होती.

लोकांना माझ्याबद्दल सांगत जाऊ नकोस. मी काही बघायची जागा नाही.

तो म्हातारा कोण? नाव काय त्याचं? पुढच्या वेळी त्याच्या पायाकडे नीट बघ आणि मला लिही. म्हाताऱ्या पुरुषाची परिस्थिती त्याच्या पायात कळते. तुला रस पाजणारा माणूस भुकेला असेल तर तुलाच त्याला जेवू घालायला हवं, म्हणून विचारते.

कोह-पो


जॉर्जटाउन
३० एप्रिल

प्रिय कोह-पो,

उत्तराला उशीर झाला. एका शनिवारी ते आलेच नाहीत, आणि पाय बघितल्याशिवाय पायांबद्दल काय लिहू?

त्यांचं नाव बेह सुन ही. भुकेले मुळीच नाहीत. आपल्या जुन्या गल्लीतल्या मंदिराच्या समितीचे ते प्रमुख आहेत. मंदिराचं नवं छप्पर त्यांनीच घातलं. रस्त्यातून चालताना दुकानदार उठून उभे राहतात. पायात चामडी चपला, चांगल्या, पण साध्या. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं आहे, जणू मांडीवर बसलंय. उजवा पाय नीट दिसला नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

काल एक गंमत झाली. गंमत म्हणावं की नाही ते तू ठरव. पटांगणात त्यांना चक्कर आल्यासारखं झालं. मी हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. तिथे दुसरी खुर्ची नव्हती. एक ऑस्ट्रेलियन पाहुणा हसत म्हणाला, "आ-पेक, आज कोणाला पकडून देणार?" सगळे हसले. आ-पेकही हसले. मग मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं, आणि 'हात उचलला की' इथे आले तेव्हा त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मला वाटलं, मुंग्या आल्या असतील.

नंतर ते म्हणाले, "तुझी ती कोह-पो, गुआट की ना तिचं नाव?" मला इतका आनंद झाला! तुम्ही शेजारी होतात म्हणे. "अजून आहे? बरं," म्हणाले. "कुठे असते?" मी ताइपिंग सांगितलं. "बरं, बरं," असं पुन्हा दोनदा म्हणाले. तुला आठवतात का ते?

स्यू इम


ताइपिंग
३ मे

स्यू इम,

ते फिरणं बंद कर. मंडळाला सांग तब्येत बरी नाही.

त्या माणसानं माझी चौकशी केली तर सांग, मी गेले. मेले म्हणून सांग. जिवंत माणसाला मेलं म्हणणं अशुभ, हे मला माहीत आहे. अशुभ झालं तर माझं होईल, तुझं नाही. तेवढी परवानगी मी देते.

त्याच्या हातचं काही खाऊ-पिऊ नकोस. रस्त्यानं एकटी जाऊ नकोस. का ते विचारू नकोस. फोन करायचाच झाला तर लक्षात ठेव, तो वाण्याच्या दुकानात आहे आणि तिथे सगळी आळी डाळ-तांदूळ सोडून कान देऊन बसते.

गुआट की


जॉर्जटाउन
शनिवार, ६ मे, संध्याकाळ

कोह-पो,

तू पहिल्यांदाच पत्राखाली नाव लिहिलंस. त्यामुळे मी जास्त घाबरले.

आजच्या आजच फिरणं बंद करता आलं नाही, लोक धक्क्यावर येऊन थांबले होते. आ-पेकही होते. निघायच्या आधीच त्यांनी विचारलं, "गुआट कीला माझा नमस्कार कळवलास का?" मी म्हटलं, "ती गेली." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यांनी टोपी काढली. बराच वेळ टोपीच्या आत बघत राहिले. मग म्हणाले, "कधी?" मी म्हटलं, "मंगळवारी." हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

मग ते म्हणाले, "घर कुठलं? मयत अजून घरातच असेल ना?"

कोह-पो, हे मी ठरवलं नव्हतं. पहिलं खोटं तुझ्या परवानगीनं बोलले होते. दुसऱ्याची परवानगी माझ्याकडे नव्हती, आणि खोटा पत्ता दिला तर ते कोणा परक्याच्या दारात दुखवट्याला उभे राहिले असते. म्हणून मी खरा पत्ता दिला. तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय केलं. जुन्या गल्लीतलं माणूस गेल्याचं ऐकून मंदिराच्या समितीचा प्रमुख घरी बसून कसा राहील? तू मला लहानपणी शंभर मयतांना नेलंस, दर वेळी समितीचे लोक दुखवट्याचं ब्लँकेट घेऊन यायचे, आणि ऐन वेळी मला एकही आठवलं नाही.

ते म्हणाले, "समितीशी बोलून दोन-चार दिवसांत जाऊन येतो." म्हणजे वेळ आहे. मी वाण्याच्या दुकानात फोन लावला, तो वाजतच राहिला, दुकान बंद असावं. सोमवारी काम सुटलं की बस धरून येते. तोवर दार लावून बस. कृपा करून दार लावून बस. आपण कशाला घाबरतोय हे तू सांगितलं नाहीस, त्यामुळे मी सगळ्यालाच घाबरते आहे.

स्यू इम


ताइपिंग
८ मे

स्यू इम,

सकाळी वाण्याकडून तुझ्या ग्रंथालयात निरोप ठेवला, तो मिळाला असेल. 'येऊ नको, मी बरी आहे' यापलीकडे त्या दुकानात काय बोलणार? वाण्याची बायको माझ्या तोंडाकडे बघून तराजू धरून उभी होती. तुझं शनिवारचं पत्र आत्ता, तो येऊन गेल्यावर हातात पडलं.

तो काल सकाळीच आला.

मी ओसरीवर शेंगा निवडत बसले होते. गाडी थांबली. त्यातून समितीचे दोन तरुण उतरले, दंडाला काळी पट्टी, एकाच्या हातात ब्लँकेट, त्यावर कागदी अक्षरं टाचलेली, 'स्वर्गी सुखात राहो' वगैरे. मागून तो. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारावर पांढरं कापड नाही, उदबत्ती नाही, रडणं नाही. आणि मी शेंगा निवडतेय.

त्यातला एक तरुण म्हणाला, "माफ करा आजी, घर चुकलं वाटतं."

मी म्हटलं, "घर बरोबर आहे बाळा. मयत चुकलंय. आत या."

काय करणार होते? दार लावायला मी उठले असते तर तो मला उठताना बघत राहिला असता. मयताच्या घरात चपला घालून जातात, पण हे तर जित्या माणसाचं घर निघालं. तिघांनीही उंबऱ्यापाशी चपला काढल्या. तो माझ्या फरशीवर अनवाणी उभा राहिला, आणि मी खाली पाहिलं.

आता ऐक. हे मी तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही.

सुन ही आमच्या शेजारचा. रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून तुझ्या आजोबांशी बुद्धिबळ खेळायचा. मी त्याला हिया म्हणायचे, सख्ख्या थोरल्या भावाला म्हणतात तसंच. ते चढलेलं बोट बघून माझा दादा, म्हणजे तुझे आजोबा, चिडवायचा, "तुझ्या अंगठ्यानं बायको मांडीवर घेतली रे!" जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी दादानं शाळेत वर्गणी जमवली होती, हे सुन हीला माहीत होतं. त्याच्याच डब्यातून नाणी दादाच्या डब्यात पडली होती.

पटांगणात आम्हाला मान वर करू देत नव्हते. चेहरे त्याला दिसत होते, आम्हाला कोणाचेच नाही. मला फक्त पाय दिसत होते. पुढे दादाचे पाय चालले होते, आणि पिशवीवाल्याच्या खुर्चीपुढे ते थांबले. खुर्चीखाली लाकडी खडावांत दोन पाय होते. मी ते बोट पाहिलं. सैनिक ओरडला. दादाचे पाय डावीकडे, लॉरीकडे गेले.

मग माझी पाळी आली. मी त्या पायांकडेच बघत होते, नजर हलेना. तेवढ्यात त्यानं ते खुर्चीखाली ओढून घेतले.

म्हणजे मी ओळखलं, हे त्याला कळलं. आणि त्याला कळलं, हे मला कळलं. माझ्या वेळी हात वर गेला नाही. महिन्याच्या आत आईनं माझं ताइपिंगच्या या घरात लग्न लावून दिलं. जपान्यांपासून मुलगी लपवायची म्हणून देतोय असं ती समजत होती. मी ज्याच्यापासून लपत होते तो शेजारच्या घरात जेवत होता. जपानी गेले, इंग्रज आले, तेही गेले. माझी भीती कुठे गेली नाही. कोण बोलणार, आणि कोण ऐकणार? तोवर तो मंदिराच्या पायऱ्या चढायला लागला होता.

काल त्यानं त्या दोघांना सांगितलं, "जा, कोपऱ्यावर कॉफी पिऊन या, मी आलो." ते गेले. मी त्याला चहा दिला. त्यानं पेला उचलला नाही. तो म्हणाला, "कोणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, "कोणालाच नाही."

"मग राहू दे ना आता. आपले किती दिवस उरलेत?"

मी म्हटलं, "हिया, एकच विचारते. माझ्या वेळी हात का नाही उचललास?"

पोरी, हा प्रश्न मी जन्मभर मनात वागवला. त्याला दया आली की भीती वाटली, मला तो विसरला की त्यानं मला सोडलं? मुलं झाली, नवरा गेला, प्रत्येक वेळी वाटायचं, हे सगळं त्या एका हातामुळे आहे. त्यानं खूप आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, मी बघत होते. मग म्हणाला, "तुझ्या वेळी? तू तिथे होतीस हे आठवतं. पण तुझी पाळी... नाही आठवत. बरीच माणसं होती गं."

बरीच माणसं होती.

उठताना म्हणाला, "पोरगी गोड आहे तुझी. अगदी बून थायसारखी बोलते. एकटीच राहते ना? फिरणं झाल्यावर अंधारात दुकानांपुढच्या पडवीतून ती जड खुर्ची एकटीच उचलून नेते. काळजी वाटते."

ही धमकी होती की म्हाताऱ्याची काळजी, मी सांगू शकत नाही. त्याचा आवाज दोन्हीला सारखाच असतो. म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

ब्लँकेट ठेवून गेला. दुखवट्याची वस्तू परत नेत नाहीत. काल पाऊस लागला, गारठा पडला, मी अक्षरं उसवली आणि तेच पांघरलं. चांगलं ऊबदार आहे.

तुझं वाक्य चुकीचं आहे. तू विचारलंस तेव्हा मी बरोबर म्हणाले, ते भीतीनं. आता तू फिरणं बंद केलंस तरी मी काही म्हणणार नाही. चालू ठेवलंस तर मात्र वाक्य नीट बोल. घाबरू नकोस असं मी सांगणार नाही, मला तो अधिकार नाही. घाबर. पण घाबरून बोल.

कोह-पो


जॉर्जटाउन
रविवार, १४ मे १९९५

प्रिय कोह-पो,

तुझं पत्र मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि तिथेच पुस्तकांच्या गाड्यावर बसून राहिले. वरिष्ठ बाईंनी विचारलं, "घरी कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, आहेत." त्यांना ते विचित्र वाटलं असेल.

आठवडाभर मी दाराला आतून कडी घालून त्यापुढे ती खुर्ची लावून झोपले. मग लक्षात आलं, कोणाची खुर्ची आणि कोणाला अडवायला! तरी काढली नाही. जिन्यात पावलं वाजली की मी पलंगावर पाय वर घ्यायचे. वाक्य मी कागदावर सात तऱ्हांनी लिहिलं. एकात त्यांचं नाव होतं. ते खोडलं. ते मी पाहिलेलं नाही, तू पाहिलंस, आणि नाव घ्यायचं की नाही हा हक्क तुझा आहे असं मला वाटलं. चुकलं असेल तर सांग.

काल ते येणार नाहीत अशी मला आशा होती. आले. या वेळी मागे नव्हते, पुढे उभे होते. बरोबर समितीचे ते दोघे तरुण, तुझ्या घरी आलेले. एवढं ऊन, सगळ्यांच्या पायात चपला, आणि आ-पेकच्या पायात बंद काळे बूट, आत जाड मोजे. मला बघून म्हणाले, "पोरी, गुआट की तर ठणठणीत आहे की! थट्टा करतेस म्हाताऱ्याची?" सगळे हसले. मीही हसले, कोह-पो, मला लाज वाटते, पण हसू आलं ते भीतीचं होतं.

बाजार दाखवला. गोदाम दाखवलं. आपल्या गल्लीत आपल्या घराची पायरी दाखवली आणि तिथे बुद्धिबळ चालायचं हे नव्यानं सांगितलं. ते माझ्याकडे बघत होते. पटांगणाच्या फाटकापाशी मी आधीच आणून ठेवलेल्या खुर्चीला त्यांनी हात घातला. "दे, मी नेतो. तुला जड आहे." मी म्हटलं, "नको, आ-पेक." त्यांनी सोडली नाही. मीही सोडली नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून ती खुर्ची आम्ही पटांगणाच्या मध्यावर नेली, मिरवणुकीत पालखी नेतात तशी, आणि सगळे मागून चालत आले.

मग मी बोलायला लागले. हात डोक्यावर. पिठाची पिशवी. दोन भोकं. हात उचलला की. माझे आजोबा. इथे मी थांबून खुर्ची उगाचच सरळ केली. आ-पेक अगदी हळू आवाजात म्हणाले, "बोल ना, पुढचं तुला पाठ आहे."

मी म्हटलं, "तो माणूस कोण होता हे कोणालाच कळलं नाही, असं मी इतके शनिवार सांगत आले. ते चूक होतं. रांगेतल्या एका मुलीनं त्याला ओळखलं. मान वर करू देत नव्हते, म्हणून तिनं त्याला पायांवरून ओळखलं. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. ती मुलगी अजून आहे."

मग, कोह-पो, जे झालं ते मी जसं पाहिलं तसं लिहिते. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपापल्या पायांकडे पाहिलं. एका ऑस्ट्रेलियन बाईनं, एका शाळामास्तरांनी, सायकल धरून बघ्यासारख्या उभ्या राहिलेल्या माणसानं, सगळ्यांनी. समितीच्या त्या दोन तरुणांनी मात्र आपल्या पायांकडे पाहिलं नाही. तुझ्या उंबऱ्यापाशी त्यांनी आ-पेकच्या शेजारी चपला काढल्या होत्या. ते त्या काळ्या बुटांकडे बघत राहिले. मग त्यातला एक जण, ब्लँकेट धरून आलेला तोच असावा, बाजूला सरकला. फार नाही. मध्ये एक माणूस उभा राहील एवढाच.

आ-पेक खाली बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. अजूनही, हे लिहिताना, ते माझ्याकडे बघताहेत असं वाटतं. पण बूट त्यांनी मागे ओढले होते. खुर्चीत बसले नव्हते तरी.

तुझी,
स्यू इम